झाकण उघडं ठेवण्याबाबत

मी, श्रीमती गोदा महिपत शिवगण, वय वर्षे एकाहत्तर, राहणार सड्यावरची वाडी, पावसच्या वरच्या अंगाला, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. उजवा कान कमी ऐकतो, गुडघे गेले, पण वाडीतल्या चौतीस घरांपैकी कुठल्या घराचा नळ किती वेळ चालतो ते अजून तोंडपाठ आहे, तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. कोणाचा दबाव नाही, धाक नाही, नशापाणी नाही. वकीलबाई मृणाली यांनी नमुन्याचा कागद आणून दिला होता. त्यात पहिलंच वाक्य 'मानवी जीवन हे क्षणभंगुर असल्याने' असं होतं. ते मी गाळलं आहे. मला ते कोणी सांगायला नको.

कलम १. माझं कुटुंब. पती महिपत सन २००६ मध्ये वारले. एकुलता एक मुलगा दीपक दिनांक ११ मे २०१४ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, वाडीच्या पाण्याच्या टाकीत साफसफाईला उतरला असता वारला. त्याची बायको नम्रता, माहेर सावर्डे, ही माझी सून. मूलबाळ नाही. दीपक गेल्यावर ती माहेरी गेली नाही, माझ्याजवळ राहिली. ती अंगणवाडीत सेविका आहे. तिला एक मी आणि मला एक ती.

नम्रताला सख्खा धाकटा भाऊ आहे, सुजय. अकरा वर्षं ती त्याच्याशी बोललेली नाही. भाऊबीजेला ओवाळणं नाही, फोन नाही, लग्नाची पत्रिका आली ती तिने चुलीत घातली. दीपकच्या मरणाचा दोष वाडीने सुजयवर ठेवला आणि तिनेही ठेवला. दोष त्याचा नव्हता. कोणाचा होता ते मी कलम ७ मध्ये लिहिणार आहे आणि हा कागद मुळात त्यासाठीच आहे. पण एकदम तिथे हात वळत नाही. आधी सोपं सोपं वाटून टाकते.

कलम २. राहतं घर, चिऱ्याच्या भिंतींचं, कौलारू, गोठ्यासह आणि परसातल्या नारळी-पोफळींसह, नम्रताला. पडवीचं दार पावसाळ्यात फुगतं आणि लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. मी वीस वर्षं लाथा घातल्या, तिने सुतार बोलवावा. पोस्टातली ठेव तिलाच. किती आहे ते पुस्तकात आहे. माझ्या गळ्यातलं आणि कानातलं तिने मोडून खावं किंवा घालावं, मला दोन्ही चालेल. माझ्या तेराव्याला गावजेवण करू नये. ज्यांना माझी आठवण यायची त्यांना नळ सोडला की येईल.

कलम ३. महिपतांची हत्यारं. ते चिरे काढायचे. आता खाणीत सगळी मशिनं आहेत, टिकाव-तासणीला कोणी हात लावत नाही. लाकडी दांड्यांना वाळवी लागली आहे, ती चुलीत घालावीत. पहार मात्र चांगली आहे. ती धाकू पाष्टे यांना द्यावी. ते पाणी समितीचे अध्यक्ष आहेत आणि टाकीचं झाकण गंजून बसलं म्हणजे उचकटायला पहार लागते. भंगारवाल्याला दिली तर माझा आत्मा धाकूच्या पायखान्यात येऊन बसेल.

कलम ४. आता टाकीची जागा. पूर्वेला वाडीचा रस्ता, पश्चिमेला येसूबाईचा दगडी गडगा, दक्षिणेला कातळ आणि उत्तरेला आमची हापूसची कलमं, अशी ही साडेतीन गुंठे जमीन सातबाऱ्यावर माझ्या नावाने आहे आणि वाडीची टाकी त्या जमिनीच्या पोटात आहे. महिपतांनी ही जागा वाडीला दिली ती तोंडी. शब्द दिला, कागद दिला नाही. तेव्हा शब्दाला कागद लागत नसे.

त्याआधी आम्ही बायका पाण्याला खालच्या ओढ्यावर, पऱ्यावर, उतरत होतो, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने आणायचं ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, उंच टाकी बांधू. महिपत म्हणाले, "सड्यावर भांडं उघड्यावर ठेवलंत तर मे महिन्यात ऊनच पिऊन टाकील. भांडं पुरूया." आमच्या जागेत जुन्या चिरेखाणीचा खड्डा होता. तोच त्यांनी तासून चौकोनी केला, आतून बांधला, वर स्लॅब, स्लॅबला दोन तोंडं आणि दोन्हींवर लोखंडी झाकणं. चिरा पाणी पितो. पहिल्या वर्षी टाकी गळली, दुसऱ्या वर्षी गळली. वाडी तिला 'महिपतचं गाळणं' म्हणायची. तिसऱ्या गिलाव्याला ती धरली. तेव्हापासून चाळीस हजार लिटर पाणी आमच्या पायाखाली गार पडून असतं. वैशाखात पहिला पेला प्यायला की दात शिवशिवतात.

महिपत गेल्यावर पाणी मी सोडते. आधी वरच्या घरांचा वॉल फिरवायचा, मग मधल्या, शेवटी खालच्या, कारण खाली पाणी आपोआप पळतं आणि वर त्याला धाडावं लागतं. किती शिल्लक आहे ते बांबूच्या काठीने मोजायचं, एक खाच म्हणजे एक दिवस.

यंदा मुंबईची एक पार्टी बंगल्यासाठी या जागेवर डोळा ठेवून आहे. ते कळल्यापासून धाकू तीनदा येऊन गेला, एकदा लाडू घेऊन. "काकी, तुमचा काय विचार हाय?" म्हणाला. मी म्हटलं, "मरायचा." तो लाडू ठेवून गेला. धाकू, जागा वाडीलाच आहे. सदर साडेतीन गुंठे, टाकी, वॉल, काठी आणि चाव्या मी पाणी समितीला देत आहे, फक्त कलम ९ मधल्या अटींवर. ते वाचल्याशिवाय पेढे वाटू नयेत.

कलम ५. मोठी पितळेची कळशी येसूबाईला. लोक म्हणतील, हिचं आणि येसूचं तर गडग्यावरून वाकडं होतं. होतं. तिने गडगा हातभर आत सरकवला, तो आहे तिथेच आहे. कळशीचं कारण वेगळं आहे.

दीपक गेला आणि आम्हाला सुतक लागलं. सुतकातल्या घरचं पाणी कोणी घेत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. टाकी धुतली, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली, तिसऱ्या दिवशी भरली. पण वॉल कोणाला कळतात? धाकूने खालचा आधी सोडला. सगळं पाणी खालच्या आठ घरांत गेलं आणि वरच्यांच्या नळाला नुसता वारा. टँकर सड्यावर चढत नव्हता. चौथ्या दिवशी येसू आमच्या खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. म्हणाली, "गोदे, कसं मागू गो तुझ्याकडे. पोरं तानलेली हायत."

मी उठले. अंगावर तेच लुगडं होतं. गेले आणि पाणी सोडलं, वरचा, मधला, खालचा. चौतीस घरं ते प्यायली, भात त्याच पाण्यात शिजला, देवाला आंघोळही त्यानेच झाली असेल. सुतकाचं नाव कोणी काढलं नाही. मी तक्रार करत नाही. मला काही वाटलं नाही, इतकंच सांगते. अंगाखाली हात दबून झोपलं की हात असतो पण आपला वाटत नाही, तशी मी त्या दिवसापासून आहे. हाताला मग मुंग्या येतात. मी बरीच वर्षं वाट बघितली. आल्या नाहीत. रडूही आलं नाही, अजून नाही.

तर त्या दिवशी तेहतीस घरांनी येसूला पुढे केलं आणि एकटी येसू तोंड घेऊन आली. कळशी त्यासाठी.

कलम ६. कंदील. पडवीत खुंटीला आहे, काच तडकलेली आहे. हा कोणालाही वैयक्तिक देत नाही, तो टाकीबरोबर राहील. टाकी वर्षातून एकदा, मे महिन्यात झरा बारीक झाला की साफ करतात. महिपतांचा नेम होता. टाकी रिकामी झाली की दोन्ही झाकणं उघडून एक अख्खी रात्र ठेवायची. खाली पानं कुजून गाळ होतो आणि तो गाळ हवा खातो. सकाळी दोरीला कंदील बांधून तळाशी सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला तर दुसऱ्या दिवशी बघू. ते म्हणायचे, आधी कंदील मरू दे.

दीपकच्या वेळेपर्यंत मोबाइल आले. उजेड चांगला पडतो, हात मोकळे राहतात, मग कंदील कोण घासतो? पण मोबाइलला हवा लागत नाही. दीपकला वर काढला तेव्हा त्याचा मोबाइल गाळात पडून लख्ख जळत होता.

कलम ७. शनिवार, १० मे २०१४. दुपारी मी शेवटचं पाणी सोडलं आणि टाकी रिकामी झाली. दीपक आंब्याच्या पेट्या घेऊन रत्नागिरीला गेला होता. सुजय त्या महिन्यात आंबा काढायला मदतीला म्हणून आमच्याकडे राहिला होता, तोही त्याच्याबरोबर. झाकणांचं काम माझं होतं. मी ती उघडली.

उन्हाळ्यात गुरं मोकाट असतात आणि पाण्याच्या वासाने येतात. म्हणून उघड्या तोंडांभोवती रात्रीपुरती काट्यांची वई घालायची असते. काट्या गोठ्यामागे होत्या. माझी कंबर दुखत होती. मी कंटाळा केला. दिवेलागणीला दोन्ही झाकणं परत ओढून घेतली, म्हटलं, पहाटे उघडीन. आणि फटफटताना उठून उघडलीही.

साडेसातला दीपक दोरी घेऊन निघाला. मी भाकरी थापत होते. त्याने दारातून विचारलं, "आये, झाकण उघडं ठेवलंस ना गो?"

मी म्हटलं, "उघडंच हाय."

हे मी अकरा वर्षं उलटंसुलटं करून बघितलं आहे. मी खोटं बोलले नाही. झाकण उघडंच होतं. माझं उत्तर खरं होतं, फक्त ते त्याच्या प्रश्नाचं नव्हतं. त्याने रात्रीचं विचारलं आणि मी सकाळचं सांगितलं. भाकरी करपत होती आणि मला वाटलं, एका रात्रीने काय बिघडतं.

सुजय वर दोरी धरायला होता. दीपकनेच त्याला म्हटलं, मी उतरून बघतो, तू तोवर चहा घेऊन ये. तो दोन कप घेऊन परत गेला आणि हाका मारायला लागला. तो आत उडी टाकत होता, त्याला चौघांनी धरून ठेवला, नाहीतर दोन गेले असते. चहा स्लॅबवर तसाच राहिला. मुंग्या लागल्या त्याला.

तेराव्यानंतर वाडीची बैठक झाली. धाकूने विचारलं, "काकी, झाकणं रातभर उघडी होती ना?" नम्रता माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "होती."

हे मात्र खोटं. हे चुकून नव्हे, समजून उमजून. मग कोणीतरी म्हणालं, दोरी कोणाच्या हातात होती? चहाला कोण गेला? सगळी तोंडं सुजयकडे वळली. नम्रता उठली आणि भर बैठकीत त्याला म्हणाली, "परत मला तोंड दाखवू नको." तेवीस वर्षांचा पोर. त्याने मान खाली घातली, पिशवी उचलली आणि एसटी धरली. सावर्ड्याला रिक्षा चालवतो असं ऐकलं.

नम्रता, तेव्हाच सांगितलं असतं तर तू माझ्याजवळ राहिली नसतीस. मुलगा गेला होता, तू जायला नको होतीस. म्हणून मी तुझा भाऊ दिला आणि तुला ठेवून घेतली. याला माफी असते की नाही मला माहीत नाही. मी मागत नाही. तू मला दर रविवारी पाठ चोळून न्हाऊ घालतेस तेव्हा मला वाटतं, उठून ओरडून सांगावं. मग तू पाणी ओततेस आणि ते राहतं.

कलम ८. टाकीच्या उत्तरेची हापूसची आठ कलमं सुजय यांना. दीपकने लावलेली आहेत, दोघांनी मिळून त्यांना पाणी घातलं होतं.

कलम ९. वाडीसाठी अटी. टाकीत उतरण्याआधी दोन्ही झाकणं एक अख्खी रात्र उघडी राहतील आणि वई घातली जाईल. कंबर दुखत असेल त्याने दुसऱ्याला सांगावं. माणसाआधी कंदील उतरेल. दोरी धरणारा हलणार नाही, चहा नंतर पिता येतो. शेवटची आणि मुख्य अट अशी की, 'उघडं आहे का' किंवा 'उघडं ठेवलं का' असं कोणी कोणाला विचारायचं नाही. 'कधी उघडलं' असं विचारायचं. ज्याने उघडलं त्याने वार आणि वेळ सांगायची आणि स्लॅबवर खडूने लिहायची. खडू नम्रता अंगणवाडीतून देईल, तिची मर्जी असेल तर. या अटी ज्या वर्षी मोडतील त्या वर्षी ही जागा समितीकडून काढून घेण्याचा हक्क मी नम्रताला देते, मग धाकूने कितीही लाडू आणले तरी.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर. वरचं सगळं मी काल लिहून पुरं केलं. सुजयला आधी वाचायला मिळावं म्हणून वकीलबाईंना त्याला फोन करायला सांगितलं होतं. तो येईल असं वाटलं नव्हतं. आज दुपारी बारा वाजता आला. चौतिसाचा झाला, केस पांढरे व्हायला लागलेत. खळ्यात चपला काढून उभाच राहिला. मी कागद हातात दिला. त्याने कलम ७ उभ्याउभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घडी घालून परत दिलं.

म्हणाला, "मावशी, मी बघितलेलं तुम्हाला."

"काय बघितलंस?"

"त्या सकाळी. मी मागीलदारी तोंड धूत होतो. तुम्ही झाकण ओढून उघडत होता. आमच्याकडे नळ, मला काय ठाऊक टाकीचं? मला वाटलं, असंच असतं. बैठकीत धाकूकाकांनी विचारलं, तुम्ही होय म्हणालात, तेव्हा कळलं."

"मग तोंड शिवलं होतं काय रे तुझं? बोलला का नाहीस?"

"ताई मग इथे राहिली असती काय? नवरा गेलेला, सासू पण गेली असती. आमच्याकडे तरी काय होतं तिला, दोन खोल्या नि वडिलांची दारू. म्हटलं, भाऊ गेला तर चालेल तिला. घर राहू दे."

मी म्हटलं, चहा टाकते. तो म्हणाला, "चहा नको मावशी. पाणी द्या." मी तांब्या भरून दिला. त्याने घटाघटा पिऊन खाली ठेवला आणि म्हणाला, "तसंच गार हाय."

इथून पुढे अक्षर हललं आहे. उजव्या हाताला मुंग्या आल्या आहेत, खांद्यापर्यंत. कोणी दारूचा संशय घेऊ नये.

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये, उद्या वाद निघतो. म्हणजे सुजयला कलमं तरी घ्यावी लागतील नाहीतर सही तरी करावी लागेल. तो म्हणाला, "कलमं ताईला द्या. मी साक्ष करतो." सबब कलम ८ रद्द समजावं, आठही कलमं नम्रताला.

वकीलबाईंनी पाकीट आणि लाख आणली होती. मृत्युपत्र बंद करून ठेवायचं आणि माणूस गेल्यावर फोडायचं, अशी रीत आहे म्हणे. नको म्हटलं. मी मेल्यावर नम्रताला कळलं तर मला ते सोपं जाईल, पण तिला जाब विचारायला कोणी उरणार नाही. पुढच्या आठवड्यात भाऊबीज आहे. हा कागद मी पडवीत कंदिलाच्या खुंटीखाली पाटावर ठेवत आहे. नम्रता अंगणवाडीतून तीनला येते. सुजयला थांबवून घेतला आहे, त्याची एसटी पाचची. नम्रता त्याच्याबरोबर निघाली तर तिला कोणी अडवू नये, मीही अडवणार नाही. तिची बॅग माळ्यावर होती, मी खाली काढून पुसून ठेवली आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिलं, वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

सही: गोदा महिपत शिवगण

साक्षीदार १: ॲड. मृणाली खापरे, रत्नागिरी. (सही समक्ष झाली.)

साक्षीदार २: सुजय सखाराम गोताड, सावर्डे, तालुका चिपळूण. (सही समक्ष झाली. हा त्या सकाळचाही साक्षीदार आहे. तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही.)

स्थळ: सड्यावरची वाडी, पावस, जि. रत्नागिरी
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

कधी उघडलं: आज, दुपारी सव्वादोन वाजता.